दर अक्षरामागे पंचेचाळीस पेन्स

मोरकमच्या बाजारात, टाचा बदलून देणाऱ्या दुकानात
मी पितळेवर मजकूर कोरतो.
शेजारी नॉर्मन किल्ल्या कापतो.
त्याची किल्ली चुकली तर गिऱ्हाईक परत येतं.
माझं चुकलं तर सहसा नाही,
ज्याच्याबद्दल लिहिलंय तो तर नाहीच नाही.

दर अक्षरामागे पंचेचाळीस पेन्स.
एवढ्यानंही शैली सुधारते.
विशेषणं आधी गळतात, मग मधली नावं,
मग दूरचे जावई.
'अत्यंत' आजवर कुणाला परवडलेलं नाही.
मी तरुणपणी चारशे पानांची कादंबरी लिहिली होती,
तेव्हा कुणी असा दर लावला असता
तर तिची कथा झाली असती. कदाचित बरी.

पट्टी बाकावर बसते, बाक समुद्राकडे तोंड करून.
किनाऱ्यावर शेकड्यांनी बाक, सगळ्यांवर तेच:
'हिला हे दृश्य फार आवडायचं.'
'ह्याला हे दृश्य फार आवडायचं.'
न आवडणारा माणूस या गावात अजून मेलेला नाही.
यातले कित्येक जन्मभर टीव्हीपुढे बसले,
खिडकीकडे पाठ करून.
मी बोलत नाही. खोट्या अक्षरालाही दर तोच.

आणि दृश्य तरी काय?
ओहोटी लागली की समुद्र मैलोगणती मागे सरतो,
उधारी थकलेल्या माणसासारखा.
उरतो चिखल,
चिखलात सुपरमार्केटची एक ट्रॉली.

मार्चमध्ये कुसुमताई घैसास आल्या, प्रेस्टनहून.
लेकीकडे असतात आता. डॉक्टर गेले.
पट्टी हवी, मराठीत:
'इथे बसून अच्युत रोज कुरकुरायचा: समुद्र कुठाय?'
यंत्राला देवनागरी येत नाही, म्हणजे छिन्नी आली.
नॉर्मननं कागद उलटासुलटा पाहिला. "अक्षरं किती?"
काय सांगणार?
'द्र' एक की दोन? उकाराचे पैसे लावायचे?
वेलांटी फुकट?
"आणि ही डोक्यावरची रेघ?"
म्हटलं, ती सामायिक आहे.
नॉर्मन गप्प झाला. त्याला तीन भाऊ आहेत.

काउन्सिलला इंग्रजी भाषांतर लागतं,
मजकूर आक्षेपार्ह नाही ना, ते बघायला.
'कुरकुर'ला शब्द सापडेना.
'तक्रार' म्हणावं तर तिचा तिथे वेगळा फॉर्म आहे.
शेवटी लिहून टाकलं:
'ह्याला हे दृश्य फार आवडायचं.'
चार दिवसांत मंजूर.

कुसुमताईंना भाषांतर दाखवताना मान वर होईना.
त्यांनी वाचलं, पर्स बंद केली, उघडली.
म्हणाल्या, "खोटं नाही हो ते.
आवडत नसतं, तर बावीस वर्षं रोज
कशाला आले असते कुरकुरायला?"

त्या दिवशी किनाऱ्यानं घरी जाताना
मी बाक वाचले नाहीत.

बिलात 'द्र' एकच धरला. नॉर्मनशी त्यावरून
अजून वाद चालू आहे.
'मु'चा उकार जरा घसरलाय, कुणाला सांगू नका.
तो वाचू शकणारं माणूस महिन्यातून एकदा
बसनं येतं,
आणि ते चष्मा विसरतं.