वासन

आमच्या घरच्या तेलुगूत वासाला वासन म्हणतात.
काझी मॅडमपुढं घाबरून तेच तोंडातनं गेलं:
वासन येते, मॅडम. तीन महिने झाले.
त्यांचं पेन थांबलं. वासना?
कोपऱ्यातली शिकाऊ पोरगी केसपेपराआड हसली.
मग मीही हसले, रडून घेतलं होतं
विडी घरकुलातनं येतानाच, रिक्षात.

तंबाखूच्या ढिगाशेजारी दिवसभर बसणारीला
दुसरा वास येऊ नये खरं तर.
मला यायचा. शिळ्या मासळीसारखा.
नवरा जवळ आला की जास्तच,
म्हणून मार्चपासून मी गच्चीवर झोपते.
कारण सांगायला सोलापुरात ऊन पुरतं.

तुरटीचं पाणी झालं. कडुलिंब झाला.
जाऊ म्हणाली, साबणानं आतनं धू.
धुतलं. दोनदा, चारदा,
हौदातलं पाणी संपेपर्यंत.
चेकर विडी नुसती चिमटीत दाबतो
आणि छाटीत फेकतो, बोलत नाही.
तसं मीच मला रोज फेकत होते.

पडदा. गार लोखंडी चोच.
सैल सोड गं, सैल.
कापसाची काडी, कागदाची एक पट्टी,
पिवळी होती, हिरवट झाली.
मग काचेवर औषधाचा थेंब टाकून
मॅडमनी ती काच स्वतःच्या नाकाजवळ नेली.
नको मॅडम! मी उठूनच बसले.
अगं, हीच तपासणी असते, त्या म्हणाल्या,
आणि वास घेतला.
नाक मुरडलं नाही.
हं, आहे, म्हणाल्या, आणि लिहिलं.

लॅबच्या येमुल ताईनं दुर्बिणीत बघू दिलं.
बाजरीच्या भाकरीच्या काठाला तीळ चिकटावेत
तशा माझ्या पेशी, जंतूंनी भरलेल्या.
मला छानच वाटलं बघायला. सांगितलं नाही.

कुणाकडनं आलं हे?
ओठांवर तीन महिने धरलेला प्रश्न.
याला कुणाचं नाव लावायचं नसतं, रत्नम्मा.
लई बायकांना होतं.
आत चांगले जंतू असतात, विरजणातल्यासारखे,
तेच आंबटपणा राखतात.
ते कमी झाले की दुसरे माजतात.
आणि तू वरनं साबण ओतलास.

सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, जेवणावर.
गोळीनं तोंडाला गंज चढला,
शेंगाचटणीसुद्धा खिळ्यासारखी लागायची.
पाचव्या दिवशी वास गेला. गोळ्या उरल्या चार.
नऊशे विड्यांवर हजाराची मजुरी कोण देतं?
चारही घेतल्या.
परत होऊ शकतं म्हणाल्या. झालं तर ये.
गच्चीवरनं मी अजून खाली आले नाही,
ते माझं मी बघीन.

कारखान्यात हल्ली वनजा खिडकीशी बसते,
सगळ्यांपासून हातभर लांब.
काल माझं सूप सरकवत तिच्याजवळ गेले
आणि हळूच विचारलं, वासन?
तिची कातर पानावरच थांबली.

मंगळवारी मॅडम असतात, म्हटलं.
मी येते बरोबर.
आणि हे बघ, धुवून येऊ नकोस.