कलबूत

फेल्गेइराश जोड्यांवर जगतं.
माझ्या फळीवर घरच्यांचे पाय आहेत, लाकडाचे:
आजोबा जुस्तिनू, टाच आत वळलेली.
आत्या झुल्मिरा, तीच कमान, बोटं आकड्यांसारखी.
माझं, धूळ बसलेलं.
आणि बेनेदिताची चार जोड, सहाव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत,
प्रत्येकात कमान अजून थोडी चढलेली,
जणू पावलाला जमीन नकोशी झालीय.

गावात म्हणायचे, मेइरेलिशांची चाल.
गुडघा उचलून, पाऊल आपटत, ओढ्यातून गेल्यासारखी.
आम्हीही चालच म्हणत आलो.

पोर्तोच्या हॉस्पिटलात डॉक्टर तेलेशबाईंनी
कागदावर पाऊल काढलं. वाईट काढलं.
मी पेन मागून घेतलं, दुरुस्त केलं.
मग माझ्याच रेघेवर त्यांनी खुणा केल्या:
इथे टाचेचं हाड कापून बाहेर सरकवू,
तळव्याची ताठरलेली पट्टी सोडवू,
आणि ही कंडरा, पाऊल आत ओढणारी,
नडगीच्या दोन हाडांमधून पुढे आणून वर बांधू.
"नसा बऱ्या होणार नाहीत.
जे अजून चालतंय त्याला दुसरं काम देतोय, इतकंच."

हे मला समजलं.
कातडं कमी पडलं की मीही
झाकलेल्या जागेचं काढून दिसत्या जागी लावतो.

साडेतीन तास मी बाकावर
नसलेला दोरा वळत बसलो.
हल्ली माझ्या बोटांतूनही आरी निसटते.
तिला सांगितलेलं नाही. तिला ठाऊक आहे.

सहा आठवडे प्लास्टर.
मग एका मंगळवारी व्यायाम घेणारा पोरगा म्हणाला, वर उचल.
तिने दात आवळले. पाऊल ढिम्म.
"बरं, आत वळव. पूर्वीसारखं."
तिने आत वळवायचं मनात आणलं
आणि पाऊल वर आलं.
बोटभर.
चुकीचं दार ठोठावावं
आणि हवं तेच माणूस बाहेर यावं,
तसं बघत राहिली ती त्याच्याकडे.

पंधराव्या वर्षाचं उजवं कलबूत आता तिला लागत नाही.
नवं कोरायला घेतलंय, हाताला सवय नाही इतकं सपाट;
रापी जुन्या वळणावरच जाते, थांबवावी लागते.
डाव्याची तारीख मार्चमधली.

तोवर सकाळी ती जिना उतरते
आणि मी काम थांबवून ऐकतो:
एक पाऊल वाजतं,
एक नाही.