खारट

रात्रीचे तीन. बाहेर उणे एकतीस.
ओयुन पॉवर हाउसच्या रात्रपाळीला,
आणि आमच्या नमद्याच्या गेरमध्ये मी, चूल
आणि सात महिन्यांचं एक चोंदलेलं नाक.

केवढंसं नाक ते! चिलगोज्याएवढं.
पण आज सगळं घर त्याच्याच तालावर.
ते घुरघुरतं, मी उठतो.
ते गप्प झालं, की त्याहून लवकर उठतो.

दवाखान्यातली दुलमा म्हणाली, औषध काही नाही.
मिठाच्या पाण्याचे दोन दोन थेंब, डोकं जरा उंच,
बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या
तर मात्र धावत ये.
म्हणून मी सारखं दुपटं वर करून बरगड्या बघतो.
आपलं पोर असं हिशेबाच्या वहीसारखं
उघडून उघडून तपासावं लागेल
हे कुणी सांगितलं नव्हतं.

चुलीत कोळशाची वडी टाकावी तर धूर तिच्या छातीत,
न टाकावी तर गारठा.
मी अर्धी वडी टाकतो.
बापाचं बरंचसं शहाणपण अर्ध्या वडीचंच असतं.

बाटली तोंडात धरते, सोडते, रडते.
रबरी पिचकारी नुसतीच पुक् करते.
पुसून पुसून नाकाखाली लाल झालंय,
तिथं चरबीचं बोट लावलं तर माझ्याकडे असं बघते
जणू मीच आणली सर्दी.
(आणलीही असेन. परवा डेपोत सगळे शिंकत होते.)

मी नऊ वर्षांचा होतो.
मेंढी व्यालेली, कोकरू ओलंगिच्च, हलेना.
वडील लांब, घोड्यावर, ठिपक्याएवढे.
मी त्याच्या नाकपुडीला तोंड लावलं, ओढलं, थुंकलो,
पुन्हा ओढलं.
ते शिंकलं. थेट माझ्या डोळ्यात.
वडील आले, बघितलं, बोलले काहीच नाहीत.
संध्याकाळी मला मोठ्या माणसांच्या वाटीत चहा दिला.

पुढे एका हिवाळ्यात मेंढरं उभ्या उभ्या गोठली.
सगळी.
आता मी बसची इंजिनं उघडतो.
कळप गेला, पण तोंड तेच आहे.

वाकतो.
त्या इवल्या भोकावर ओठ टेकवतो
आणि ओढतो.
खारट.
आमच्या चहाइतकंच, किंवा थोडं कमी.
किळस दारापर्यंत आली होती,
आत आली नाही.

मिचिद शिंकते. थेट डोळ्यात.
मग नाकानं, स्वतःच्या नाकानं,
एक लांब, कोरा श्वास,
आणि बाटलीवर अशी तुटून पडते
की माझंच बोट तिच्या मुठीत विसरून राहतं.

पहाटे ओयुन येते. पापण्यांवर बर्फ.
झोपली का गं रात्री, तिलाच विचारते.
थोडीफार, मी म्हणतो,
आणि शिंकतो.