रकाना चौथा

कळंब्याच्या वाटेवर, घाणेरीच्या जाळीत,
पालिकेच्या खोदकामाला ते लागलं:
एक मोठं दातेरी चक्र, त्याला बिलगून तीन लहान,
तिन्हींच्या पोटातून बाहेर आलेला एकेक आकडा.
माझ्या फॉर्मात चौथा रकाना: वस्तूचे नाव.
तो सोडून मी बाकी सगळं भरलं.
लांबी दोन फूट सात इंच. धातू ओतीव. स्थिती बरी.

नाव सांगणारे पुष्कळ आले.
तालमीतले म्हणाले, तोफेच्या गाड्याचं असणार.
निवृत्त मुख्याध्यापक नरगुंदे सरांनी
चष्मा पुसत पुसत टाकसाळ काढली.
गुऱ्हाळवाल्यानं चरक म्हणून हात झटकले,
आणि भंगारवाला एवढंच बोलला, किलोला एकतीस.

त्याच माळावर दगड होते,
गुडघ्याएवढे, एका ओळीत,
अंगावर छिन्नीच्या उभ्या रेघा.
पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन.
तिसरा चहाच्या टपरीची पायरी झालाय,
चौथा पोरांचा स्टंप,
पाचवा शेंदरात गेलाय.
पाच रेघा म्हणजे पाच पांडव, असं आक्काताई सांगते.
दर अमावास्येचा नारळ तिचा.
हद्दीचे दगड, मी वहीत लिहिलं. पुढं प्रश्नचिन्ह.
हद्द कुणाची, कुणाशी, ते कुठं माहीत होतं.

मग उद्यमनगरातून बाबालाल शिकलगारांना आणलं.
वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं फौंड्रीत साचे भरलेले.
त्यांनी चक्राकडं बघितलंच नाही.
खाली बसले, आणि जिथं कुणाचा डोळा जात नाही
तिथं, बुडाखाली, हात घातला.
गाभण म्हशीचं पोट चाचपावं तसे
डोळे मिटून बराच वेळ चाचपत राहिले.

"हितं वाळूत अंगठा दाबलाय बघा कुणीतरी.
साचा वला हुता. पोरगं असंल, नवशिकं."
मी बोट लावलं. लोखंडात अंगठा होता खरंच,
माझ्या अंगठ्यापेक्षा लहान.

"आनि हे यंत्र न्हवं, बाई. अर्धं यंत्र हाय.
ऱ्हायलेलं अर्धं लाकडाचं. ते वाळवीनं खाल्लं."
उठले, आणि दगडांच्या ओळीनं निघाले
उलट्या पावलांनी. मी मागून हात धरला.
"दोर वळायचं हाय हे. तीन आकड्यांना तीन पेड.
पल्याड लाकडी गाडा. पीळ बसंल तसा
दोर आखडतो, गाडा म्होरं सरकतो.
मग कुठवर आला ते कळाय नको?
एक रेघ, धा हात. पाच रेघा, पन्नास.
मोटंचा नाडा हितनं जायाचा गावोगाव."

टपरीवाला हसला.
आक्काताई हसली नाही.

"मग बंद कसं पडलं?"
त्यांनी तळहात पँटला पुसले.
"इंजिनं आली. हिरीवर मोट ऱ्हायली न्हाई.
दिवसाला बारा बॉड्या वतत हुतो आमी."
पुढं काही बोलले नाहीत.
चहा घेतला, बिनसाखरेचा, तिसऱ्या दगडावर बसून.

चौथा रकाना भरला: दोर वळण्याचे यंत्र, अर्धे.
पाचव्या दगडापाशी पेन अडलं.
पन्नास हात लिहू, की देव?
आक्काताई पदर खोचून बघत उभी होती.
मी लिहिलं: मापाचा दगड. पूजेत.

निघताना बाबालालनी खूण केली.
तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये, गवतात, आणखी एक दगड,
ओळीच्या जरा बाहेर.
रेघ नाही.
नुसता वाटीएवढा खळगा, झिजून गुळगुळीत.
कुठल्याच मापात बसेना.

"हे काय?"
"ठावं न्हाई," ते म्हणाले,
आणि वाकून त्यातला पालापाचोळा
तेवढा काढून टाकला.