एक अक्षर जास्त

यादी आली ती वीजबिलाच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
बारा गाणी. गाणी तरी कसली,
कुणी गातच नव्हतं त्यांत.
बारा पोरांनी, आया झोपल्यावर,
हप्त्यानं घेतलेल्या यंत्रांतून काढलेले आवाज,
एका तबकडीत दाटीवाटीनं बसवलेले.

अ‍ॅटरक्लिफ रोडच्या छापखान्यात मी त्या आठवड्यात
दोन लग्नपत्रिका,
एका बुटांच्या दुकानाचा दिवाळखोरीचा सेल,
आणि हे पाकीट जुळवत होते.
सगळी अक्षरं मोठी टाका, तो म्हणाला,
नाचून दमलेल्याला पहाटे चार वाजता
जमिनीवर बसून वाचता आली पाहिजेत.

दुसरी बाजू, तिसरा तुकडा, लिंडन स्टॅनिफोर्थ.
नाव: फोर्ज.
आमच्या भाषेत भट्टी आणि विसर
यांच्यात एकाच अक्षराचं अंतर.
तेवढं माझ्या बोटानं भरून काढलं.

तीन हजार पाकिटं.
तिसऱ्या दिवशी कळलं.
मालकानं माझ्याकडे बघितलं, कागदाच्या भावाकडे बघितलं,
आणि गठ्ठे बांधायला सांगितले.

मी टिन्स्लीला गेले माफी मागायला.
लिंडन अंडं तळत होता, तव्यावरून नजर न काढता
म्हणाला, मोठ्यानं वाच.
मी वाचलं.
राहू दे, म्हणाला. तसंही
पुढचं बोलला नाही. अंडं करपलं.

मग त्यानंच सांगितलं:
कारखान्याच्या शेवटच्या आठवड्यात
भिंतीवरून टेपरेकॉर्डर धरून घण टिपला होता,
वाफेचा मोठा घण, ज्याच्या ठोक्यावर
आमची अख्खी गल्ली झोपायची
आणि तो थांबला की दचकून उठायची.
मागे जो ऑर्गन वाजतो ना, तो ऑर्गन नाही.
रखवालदाराचा कुत्रा आहे. चौपट सावकाश.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल, मला अजून नीट कळलेलं नाही.
म्हणे त्या तबकडीनं
नाचायचं संगीत खुर्चीत बसायला शिकलं.
ओसाकाहून एक मुलगा आला, छापखाना शोधत,
तिथं आता टायरचं दुकान आहे,
त्यानं टायरांचाच फोटो काढला.
गेंटमध्ये एकीनं तो शब्द दंडावर गोंदवून घेतलाय.
एका प्राध्यापकानं तीस पानं लिहिली
विस्मृतीच्या सौंदर्यावर,
कुत्र्याबद्दल त्यात एक ओळ नाही.
आणि त्या बारांचं ऐकून ज्यांनी यंत्रं घेतली,
त्यांचं ऐकून ज्यांनी घेतली,
त्यांची मोजदाद कोण करणार.

लिंडन बॉयलर दुरुस्त करतो.
पाणी तापत नसेल तर येतो,
पाइपाला कान लावतो आणि बराच वेळ काही बोलत नाही.

एकदाच लावली ती तबकडी मी घरी.
बाबा होते. सत्तावीस वर्षं त्या घणाखाली,
पन्नाशीतच कान गेलेले.
मी नको म्हणत असताना
त्यांनी तळवा ठेवला स्पीकरवर,
जसा तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.
डोळे मिटले.
सात नंबर, म्हणाले. वाफ कमी पडतेय.
कुणाची पाळी आहे आज?

मी काय सांगणार.
पाकीट त्यांच्या पुढ्यात धरलं,
बोट ठेवलं तिसऱ्या ओळीवर.
त्यांनी चश्मा शोधला, एकेक अक्षर ओठांनी चाचपलं,
पाचव्यापर्यंत ठीक,
सहाव्यापाशी थांबले.
आडवं डोकं, उभा दांडा.
नखानं खरवडून बघितलं, निघतंय का.

हा हातोडा इथं कुणी उभा करून ठेवला,
ते म्हणाले,
कुणाच्या पायावर पडेल.