तीन नंबरचा बावटा

पहाटे साडेपाचला मी फुगा सोडते.
पांढरा, माझ्याहून उंच, खाली दोरीला एक पेटी,
पेटीवर चिठ्ठी: सापडल्यास घाबरू नये.
कुलाब्याच्या गच्चीवरून तो निघतो
आणि वर जाता जाता कळवत राहतो,
ओलं आहे. अजून ओलं आहे. अजूनही.
एवढ्या उंचीवर मे महिन्यात
हवा कोरडी पडायला हवी होती.

मढला फोन लावला.
आई वलांडीवर बोंबील टांगत होती,
जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं.
म्हटलं, आई, समुद्र तापलाय. एकतीस अंश.
"मना नको सांगू. पाय घातला का कळतं.
आठ दिस पाणी पेजेवानी लागतंय."

मग पेजेपासूनच सुरुवात केली.
वाफ वर चढते, वर थंडावते, तिचं पुन्हा पाणी होतं,
आणि पाणी होताना पोटातली ऊब ती तिथंच सोडते
(झाकण उचलताना तुझी बोटं भाजतात, तीच ऊब).
त्यानं हवा आणखी हलकी होते, आणखी वर जाते,
खाली पोकळ पडते. पोकळ भरायला
चहूकडून वारे धावत सुटतात,
पण पृथ्वी त्यांच्या पायाखाली फिरत असते,
सरळ कुणीच पोचत नाही.
जो तो जरा उजवीकडे ढळतो
आणि ढळता ढळता सगळे मिळून
घड्याळाच्या उलट गरगरू लागतात.

"आन् मधी?"
मध्ये डोळा. तिथं वारा नाही.
कधीकधी ऊनही पडतं.
ती थोडा वेळ गप्प राहिली.
"तुजा बापूस तसाच. घरभर भांडण लावून
मधी पान लावत बसायचा."

वरचा वारा जोराचा असता
तर वादळाचं डोकं धडापासून सरकलं असतं.
यंदा वरचा वारा निजलाय, हे मी तिला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं: बुधवारी अमावास्या.
पुढचं तिनंच जोडलं.
अमावास्येचं उधाण, बाराची भरती,
त्यात वाऱ्यानं ढकललेलं पाणी.
फोन न ठेवताच तिनं हरेश्वरला हाक मारली.

संध्याकाळी सोसायटीच्या खांबावर तीन नंबर चढला.
तोवर 'हिंगळाई' खाडीत आली होती,
शेजारच्या होडीशी घासू नये म्हणून मध्ये जुने टायर,
दोन नांगर, आणि दोर जरा सैल;
ताणून बांधलेली होडी भरतीला उठू शकत नाही, बुडते.
हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.
पत्र्यावरचे दगड मात्र मी उतरवायला लावले
(उडाला तर पत्र्याआधी दगड लागतो),
पत्रा तारेनं वाशाला आवळला.
रेशनकार्ड, होडीचं लायसन, बाबांचा मृत्यूचा दाखला
एका पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत.
गुलाबबाय आजीला दिसत नाही,
तिला उजेडीच शाळेत नेऊन बसवलं;
ती रात्रभर विचारत होती, आलं का?

नाही आलं.
दीडशे मैलांवरून उत्तरेला वळलं.
आम्हाला फक्त शेपूट लागलं: बंदरावरचा बदाम आडवा,
वलांडीचे चार खांब, दोन दिवस वीज नाही.
तरण्या पोरांनी ऑफिसच्या नावानं विनोद केले.
ते मला चालतात.
वळलेल्या वादळावर माणसं हसतात तेव्हा
ती हसायला शिल्लक असतात.

आईचं गाऱ्हाणं वेगळं होतं.
अर्धे सुकलेले बोंबील घाईनं घरात घेतले,
सगळे नासले, गाद्यांनासुद्धा वास.
"पुढच्या टायमाला एक दिस आदी सांग."

एक दिवस आधी.
मी गच्चीवर उभी, हातात दोरी,
फुगा ओढ घेतोय,
आणि खाली समुद्र अजून तिशीच्या वर.