फक्त पाचच पायऱ्या

फोनवर सगळे तेच म्हणायचे.
गुहागर, हर्णै, तारकर्ली,
'या की ताई, समुद्र अगदी दारात.
पायऱ्या? फारशा नाहीत हो,
फक्त पाचच.
आणि पोरं आहेत ना आमची, उचलतील की.'

उचलून घेणं मला पाठ आहे.
भाचीच्या लग्नात, अक्कलकोट रोडच्या कार्यालयात,
चौघांनी खुर्चीसकट वर नेलं.
एकाच्या तोंडात मावा होता.
माझी साडी कुठवर सरकली
हे जिन्याखालच्या सगळ्यांना कळलं,
मी सोडून.

मग अंबादासने फोन करणं बंद केलं.
तीस वर्षं शाळांचे युनिफॉर्म शिवणारा माणूस,
गळ्यातली टेप आंघोळीपुरती काय ती निघते.
एका रविवारी एकटाच एसटीने गेला,
रात्री आला,
आणि दुकानाच्या पावतीमागे लिहिलेलं वाचलं:
दार चौतीस इंच.
मोरीला उंबरा नाही.
पलंग एकोणीस, म्हणजे खुर्चीएवढाच.
शेवटी जरा दबकत,
'समुद्र नाहीये पण. उजनीचं पाणी आहे.
धुकं असलं की पलीकडचा काठ दिसत नाही म्हणे.'

जेऊर सोडलं की रस्ता उसात शिरतो
आणि बराच वेळ बाहेरच येत नाही.
मग एकदम पाणी.
करमाळ्याच्या उन्हात इतकं पाणी
खोटंच वाटतं, मंडपातल्या पडद्यासारखं.

शेतघराच्या मालकाचं नाव मच्छिंद्र.
त्याने दार उघडलं आणि बाजूला झाला.
एवढंच. बाजूला झाला.
दारापर्यंत सिमेंटचा उतार,
दोन दमांत मीच चढले.
'कुणासाठी केलात?' विचारलं.
वाटलं, आई असेल, अंथरुणाला खिळलेली,
आता डोळे पुसेल.
'दुधाच्या कॅनसाठी,' तो म्हणाला.
'आधी डेअरी होती इथं.'
मला हसू आवरेना.
चाळीस लिटरच्या कॅनचा विचार
कुणीतरी नीट केला होता.

जेवताना कडक भाकरी, शेंगाचटणी,
घरचंच सगळं, चव मात्र गावाला गेल्यासारखी.
मच्छिंद्र म्हणाला, त्याचं गाव पाण्याखाली आहे.
मे महिन्यात पाणी हटलं की
देवळाच्या पायऱ्या आधी वर येतात.
'किती आहेत?' सवयीने तोंडातून गेलं.
'मोजल्या नाहीत कधी,' तो म्हणाला
आणि ताटात बघत राहिला.

रात्री जाग आली.
अंबादास घोरत होता, अर्धी चादर खाली.
त्याला उठवायला हात नेला
आणि आठवलं, कशाला?
पलंगावरून खुर्चीत. कडी. दार. उतार.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी कुठे गेले ते कुणाला माहीत नव्हतं.

फरशी संपते तिथे गाळ.
पुढचं चाक रुतलं, मागे येईना.
हाक मारता आली असती.
नाही मारली.
समोर पाणी, वारा आला की लाटेसारखं काहीतरी करणारं,
त्याखाली त्यांच्या पायऱ्या, त्यांचे उंबरे,
सगळ्यांवरून एकसारखं पसरलेलं.
छान वाटलं,
आणि छान वाटल्याची लाजही वाटली.
दोन्ही घेऊन बसले.
थंडीने बोटं गेली, तेवढं सोडलं तर
काही दुखलं नाही.

उजाडताना मागे चपलांचा आवाज.
'एमैंदी?' म्हणाला,
घाबरला की तो तेलुगूतच घाबरतो.
मग माझं तोंड बघितलं,
चाक बघितलं.
खुर्चीला हात लावला नाही.
गळ्यातली टेप काढली, उकिडवा बसला,
चाकापासून पाण्यापर्यंत धरली,
एक टोक दगडाखाली, दुसरं गाळात.
'साडेसात फूट,' म्हणाला.
'फरशी कमी पडली त्यांची. सांगायला पाहिजे.'
आणि खिशात पावती शोधायला लागला.

धुकं होतं. पलीकडचा काठ खरंच दिसत नव्हता.
मी म्हटलं, 'आधी चहा सांग.
मग ओढ.'